पुरातत्त्व क्षेत्रातील प्रशिक्षण आणि आपले विद्यार्थी

(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात केलेले भाषण)



आपल्या शिबिरात दरवर्षी बँक भरती, पोलीस भरती, नर्सिंग, आयटीआय आणि स्पर्धा परीक्षा यांवर बोलले जाते. ते योग्यच आहे. पोटाचा प्रश्न आधी. मी स्वतः बँकेच्या काउंटरमागे बसूनच संसार केला, त्यामुळे त्या वाटेला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. परंतु यंदा कार्यकारिणीने मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, म्हणून आपल्या वस्तीत ज्याचे नाव क्वचितच कोणी घेते असे क्षेत्र मी आज घेतले आहे. ते म्हणजे पुरातत्त्व. जमिनीत गाडली गेलेली गावे शोधणे, शास्त्रशुद्ध उत्खनन करणे, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या लेणी, मंदिरे, किल्ले, मकबरे यांच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवणे. मी पुरातत्त्वज्ञ नाही. इतिहास घेऊन बी.ए. झालो, नोकरी लागली, पण वाचन सुटले नाही आणि सुटीच्या दिवशी लेणी-टेकाडे पाहत हिंडण्याचा नाद लागला. एवढ्याच भांडवलावर बोलतो आहे.

हा विषय मी घरी काढला तेव्हा पहिला आक्षेप आईकडूनच आला. ती म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पाझर तलाव खोदले, खडी फोडली. पोरांना एवढं शिकवलं ते परत खड्डे खोदायला का?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या कित्येक पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत घमेले उचलण्यात गेल्या, त्यांना कुदळीचे कौतुक सांगायचे नसते. माझे उत्तर असे आहे की उत्खननाच्या जागेवर दोन प्रकारची माणसे असतात. एक खणणारी आणि दुसरी लिहिणारी. खणण्यासाठी गावातले मजूर लागतात, आणि ते बहुधा आपल्यापैकी किंवा आपले भिल्ल, कोळी बांधव असतात. लिहिणारे बाहेरून येतात. अहवाल त्यांच्या नावाने निघतो.

१९७४ सालची गोष्ट पाहा. प्रवरा नदीकाठी दायमाबाद येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, छबू लक्ष्मण भिल्ल नावाच्या माणसाला झुडपाचे मूळ उकरताना काशाच्या चार मूर्ती सापडल्या. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून वजन साठ किलोपेक्षा जास्त. भारताच्या प्राचीन इतिहासाचे कोणतेही चांगले पुस्तक उघडा, त्या रथाचे चित्र आढळेल. छबू भिल्लांचे नाव काही पुस्तकांत येते, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ते एका ओळीत येते आणि पुढची पाने दुसऱ्यांची असतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना कुदळ धरायला सांगत नाही. कुदळीशेजारी जी नोंदवही असते, ती धरायला सांगतो आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे पुण्या-दिल्लीचे उद्योग, आमच्या खान्देशात काय आहे? मित्रहो, खान्देशाएवढी श्रीमंत जमीन महाराष्ट्रात थोडी असेल. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बहाळ आहे. तेथे १९५२-५३ मध्ये म. न. देशपांडे यांनी उत्खनन केले, आणि नदीच्या पलीकडच्या काठावर टेकवाडे येथे ताम्रपाषाण काळातील दफने मिळाली. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. ते त्या वेळी पश्चिम खान्देशात होते आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात गेले. तेथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी खणले. ताम्रपाषाण काळापासून पुढे लोहयुग आणि ऐतिहासिक काळ अशा एकावर एक चार वस्त्यांचा पुरावा तेथे मिळाला. पुढे हे दोघेही, आधी देशपांडे आणि मग थापर, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. साक्री तालुक्यातल्या कावठ्याचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केले आणि त्याचा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. आणि चाळीसगावजवळचे पाटणे! पाटणादेवीला आपण सगळे जातो, पण त्याच पाटण्याला शं. अ. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले आणि त्यांतील एकावर माणसाच्या हाताने कोरलेल्या आडव्या-तिरप्या रेघा होत्या. वय सुमारे पंचवीस हजार वर्षे! खान्देशात शहामृग हिंडत होते, आणि त्याच्या अंड्यावर नक्षी काढण्याएवढी सवड इथल्या माणसाला होती.

पाटण्याच्या वरच्या डोंगरात पितळखोरा आहे. अजिंठा जळगावहून सुमारे साठ किलोमीटर, म्हणून तिकडे सहली जातात. पितळखोऱ्याला फारसे कोणी जात नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली ही लेणी. दगड ठिसूळ, पाणी झिरपणारे, त्यामुळे दर्शनी भाग कोसळून ढिगारा झाला होता. १९५० च्या दशकात देशपांडे यांनी तो ढिगारा उपसला तेव्हा त्यातून एक बुटका, हसरा यक्ष निघाला. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे की, तो कण्हदास नावाच्या सोनाराने केला. लेण्यातल्या खांबांवर दाने देणाऱ्यांची नावे आहेत: पैठणचा अत्तर विकणारा आहे, राजवैद्य आहे. राजे-महाराजे नव्हेत, धंदे करणारी माणसे. हा यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ढिगारा उपसणाऱ्याने घाई केली असती तर आपल्या सोनाराचे नाव दगडाच्या चुऱ्यात गेले असते. जळगावच्या सराफ बाजारातून जाताना मला या कण्हदासाची आठवण होते, इतकेच.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो, कारण त्याविषयी सिनेमातून फार गैरसमज पसरले आहेत. खजिना वगैरे काही नसते. टेकाडावर दोऱ्या बांधून चौकोन आखतात, बहुधा पाच बाय पाच किंवा दहा बाय दहा मीटरचे. दोन चौकोनांच्या मध्ये मातीची भिंत न खणता सोडतात, म्हणजे त्या भिंतीच्या उभ्या छेदात थर दिसत राहतात. राखेचा थर, पुराच्या गाळाचा थर, सारवलेल्या जमिनीचा थर. वरचा थर नंतरचा, खालचा आधीचा. प्रत्येक थराला क्रमांक. प्रत्येक खापर, मणी, हाड, धान्याचा जळका दाणा कोणत्या चौकोनात, कोणत्या थरात, किती खोलीवर मिळाला ते त्याच दिवशी लिहायचे. जळके लाकूड उघड्या हाताने उचलायचे नाही, कारण त्याचे वय काढायला ते प्रयोगशाळेत जाते. माती पाण्यात कालवून तरंगणारे दाणे गाळून घ्यायचे, त्यावरून त्या काळी लोक काय पिकवत आणि काय खात होते ते कळते. खापरे धुवायची, वाळवायची, प्रत्येकावर बारीक अक्षरांत ठिकाणाचे आणि थराचे चिन्ह घालायचे. जोर्वे पद्धतीचे चांगले भाजलेले खापर टिचकी मारली की धातूसारखे वाजते. महिनाभर हाताळले की कान तयार होतो. दिवाळीनंतर काम सुरू होते आणि ऊन तापेपर्यंत चालते. राहायचे तंबूत. संध्याकाळी हिशेब.

हिशेब म्हणालो, कारण बँकेतल्या माणसाला हे काम ओळखीचे वाटते. आमच्याकडे व्हाउचर नसेल तर रक्कम खरी असली तरी तिला नोंद नाही. उत्खननात थर माहीत नसेल तर वस्तू कितीही सुंदर असो, ती मुकी. शेत नांगरताना मिळालेली जुनी नाणी घेऊन कधी कधी शेतकरी आमच्याकडे येतात आणि "साहेब, किती येतील?" म्हणून विचारतात. चांदीच्या भावाने सराफ ती घेतो आणि वितळवतो. त्या नाण्याबरोबर त्या शेताचा दोन हजार वर्षांचा कागद वितळतो. खरे पाहता १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे गुप्तधन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. हे गावात कोणाला माहीत नसते, आणि ज्याला माहीत असते तो सरकारी कटकटीला भितो. गावातला शिकलेला मुलगा इथे उपयोगी पडतो. तो अहिराणीत समजावून सांगू शकतो, पुण्याहून आलेला साहेब सांगू शकत नाही.

आणि अहिराणीचाच नव्हे, गावच्या शब्दांचाही इथे उपयोग आहे. आपण म्हणतो गावाची काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षे माणसे एका जागी राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, गुरे बांधली गेली की ती माती राखेने, शेणाने, चुन्याने पांढुरकी होते. ज्या टेकाडाला लोक पांढर म्हणतात, गढी म्हणतात, किंवा जिथे "जुनं गाव होतं" म्हणून सांगतात, तिथे पुरातत्त्वज्ञ आधी जातो. दुर्दैव असे की हीच पांढरी माती धाब्याच्या घरांवर टाकायला चांगली, शेताला खत म्हणूनही चांगली. बैलगाडीने नेली जाई तोवर टेकाड शंभर वर्षे पुरत असे; आता ट्रॅक्टर आणि जेसीबी लावला की एका उन्हाळ्यात संपते. पीककर्जाच्या कामात माझ्या हातून रोज सातबाराचे उतारे जातात. त्यात शेताचे स्थानिक नाव असा एक रकाना असतो. तो बहुतेक वेळा कोणी वाचत नाही. मी वाचतो. कुठे पांढरी, कुठे गढी, कुठे विहार असे शब्द त्यात दडलेले असतात. नाव आहे म्हणून तिथे काही असेलच असे नाही, पण जाऊन पाहायला कारण मिळते.

दुसरा भाग देखरेखीचा. वास्तू एकदा दुरुस्त केली की संपले, असे नसते. अजिंठ्याच्या चित्रांवर १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणून काम करवले. त्यांनी सुटत चाललेले पापुद्रे चिकटवले, हे मोठे काम झाले. पण वरून जे रोगण लावले ते काळाने पिवळे-काळपट पडले आणि पुढच्या पिढीतल्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावे लागले. म्हणून आज एकाच जागेवरून दरवर्षी एकच छायाचित्र घेतात, भेगेवर काचेची पट्टी बसवून ती तडकते का पाहतात, गाभाऱ्यातला दमटपणा मोजतात, पाणी कुठून झिरपते त्याचा नकाशा करतात. हे काम कंटाळवाणे आहे. नेमस्त स्वभावाच्या माणसाला ते फार चांगले जमते.

ते न केल्याने काय होते? २०१३ साली भारताच्या महालेखापरीक्षकांनी केंद्र-संरक्षित स्मारकांची तपासणी केली. १६५५ स्मारके प्रत्यक्ष जाऊन पाहिली, त्यांतली ९२ जागेवर नव्हती! आमच्या शाखेत तिजोरी तपासताना असे घडले असते तर त्या रात्री कोणी घरी गेले नसते. पुढे शोध घेतल्यावर काही सापडली. तरी २०२२ च्या अखेरीस संसदीय समितीपुढे आलेल्या माहितीप्रमाणे ५० स्मारकांचा पत्ता नव्हता. १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली, २४ कुठे आहेत तेच कळेना. त्या वेळी ३६९३ स्मारकांपैकी फक्त २४८ ठिकाणी पहारेकरी होते. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात पूर्णाकाठी भोन येथे या शतकाच्या पहिल्या दशकात डेक्कन कॉलेजने विटांचा स्तूप उजेडात आणला. ती जागा जिगाव धरणाच्या बुडित क्षेत्रात येते. धरण नको असे कोरडवाहू शेतकऱ्याला मी कसे सांगू? पण पाणी येण्यापूर्वी वीट न् वीट मोजून नकाशावर आली पाहिजे, एवढे मागण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि त्यासाठी मोजणारी माणसे लागतात.

आता विद्यार्थ्यांच्या कामाचे. बारावीनंतर थेट पुरातत्त्वाची पदवी बहुतेक ठिकाणी नाही. बी.ए. इतिहास, भूगोल, पाली किंवा संस्कृत घ्या. भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र वा रसायनशास्त्राची बी.एस्सी. असेल तरी दार बंद नाही, कारण बिया, हाडे, दगड आणि रंग वाचणारी माणसे या क्षेत्रात कमी आहेत. नंतर एम.ए. पुण्याचे डेक्कन कॉलेज हे यातले आद्य ठिकाण, ह. धी. सांकळिया यांनी ते घडवले. नागपूर विद्यापीठातही प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व हा विभाग आहे. त्यापुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका. ही संस्था पूर्वी दिल्लीत होती, २०१९ पासून ग्रेटर नोएडा येथे आहे. जागा अगदी थोड्या, प्रवेश परीक्षा व मुलाखत. निवड झाल्यास विद्यावेतन मिळते. तिथे उत्खनन, सर्वेक्षण, छायाचित्रण, रासायनिक जतन, शिलालेख, कायदे सगळे शिकवतात आणि प्रत्यक्ष जागेवर नेतात.

या पदविकेच्या पात्रतेत एक गोष्ट आपल्या मुलांनी लक्षात ठेवावी. प्राचीन इतिहास व पुरातत्त्वाबरोबरच अभिजात भाषांची एम.ए. तिथे चालते, आणि त्या भाषांत पाली आहे. आपल्याकडे पाली घेणाऱ्या मुलांना "पुढे काय करणार? वंदना म्हणणार?" असे विचारले जाते. छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई या विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पाली येणारा विद्यार्थी ब्राह्मी लिपी दोन-तीन महिन्यांत शिकला, तर पितळखोऱ्याचा लेख तो स्वतः वाचू शकतो. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपला ती अक्षरे उलगडेपर्यंत या देशात अशोकाचा एकही लेख वाचणारा माणूस उरला नव्हता. त्या मानाने आपले काम किती सोपे!

ज्यांना एवढे लांब शिकणे परवडणार नाही त्यांच्यासाठीही कामे आहेत. सिव्हिलची पदविका घेतलेला मुलगा संवर्धनाच्या कामात जाऊ शकतो. रेखाटनकार, मोजणीदार, छायाचित्रकार लागतात. टोटल स्टेशन आणि ड्रोन चालवणारे तर हवेच असतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकाम बंद आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीने, असा नियम आहे, त्यामुळे नकाशे करणाऱ्यांचे काम वाढले आहे. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. जुनी कागदपत्रे आणि मूर्ती कशा नोंदवतात, हे पाहायला तिथे जाऊन विनंती करावी.

खरे ते सांगितले पाहिजे. जागा कमी निघतात. कधी कधी कित्येक वर्षे जाहिरात येत नाही. पदविका घेऊनही कंत्राटावर काम करणारी मुले आहेत. म्हणून घरात कमावणारे दुसरे कोणी नसेल तर बँकेची परीक्षा सोडून यात उडी घेऊ नका. नेट-सेट, बार्टीची अधिछात्रवृत्ती, प्राध्यापकी हे रस्ते शेजारी ठेवून चला. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र आतापासून तयार ठेवा, ऐन वेळी तालुक्याला खेटे घालू नका. इंग्रजी वाचण्याची सवय लावा, कारण अहवाल इंग्रजीत असतात, आणि बहाळ-प्रकाशेचा अहवाल आपल्याला वाचता येत नसेल तर आपलेच गाव आपल्याला परके.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारले, मुलींना हे झेपेल का, तंबूत राहायचे म्हणता. ताई, कावठ्याच्या अहवालावर म. के. ढवळीकर आणि वसंत शिंदे यांच्याबरोबर शुभांगना अत्रे यांचे नाव आहे. इरावती कर्वे १९४४ मध्ये गुजरातेत लांघणजच्या उत्खननावर सांकळियांबरोबर होत्या. शिबिरात राहण्याची सोय कशी आहे, सोबत कोण आहे, हे पालकांनी जरूर विचारावे. विचारण्यात गैर काही नाही. झेपण्याचा प्रश्न मात्र आपण कापूस वेचणाऱ्या मुलींबद्दल कधी विचारला नाही.

बाहेर टेबलावर मी काही छापील कागद ठेवले आहेत. त्यावर एवढेच भरायचे: गाव, सातबाऱ्यावरील शेताचे स्थानिक नाव, नदी किंवा नाला किती अंतरावर, टेकाड आहे का, त्यातून माती नेली जाते का, आणि वर खापरे दिसतात का. शेतमालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका. खापरे, विटा, नाणी काहीही उचलून आणू नका, कागद तेवढा आणा. दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्या रविवारी मी सकाळी दहाला इथेच, सभागृहात, बसलेला असेन. जयभीम.